दर नसलेल्या कुंड्या

रोपवाटिका चालवणाऱ्या माणसाला कुठलंही झाड दिसलं की आधी त्याचा दर आठवतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पोट त्यावर चालतं. उसाचं एका डोळ्याचं रोप, डाळिंबाची गुटी, टिश्यू कल्चरची केळी, शेवगा, सीताफळ, यातलं सगळं आमच्याकडे मिळतं आणि प्रत्येकाचा दर पुठ्ठ्यावर लिहून दाराशी टांगलेला आहे. अकलूज हा कारखान्याचा पट्टा, त्यामुळे रोपवाटिका म्हणजे मुख्यतः ऊस. जूनमध्ये आडसालीच्या रोपांची मागणी सुरू झाली की ट्रे भरायला बायका कमी पडतात आणि मला धड जेवायला उसंत मिळत नाही.

याच धांदलीच्या दिवसांत, मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला तेरा कुंड्यांत पांढरी फुलं येतात. त्यांचा दर पुठ्ठ्यावर नाही. का नाही, हे मला गिऱ्हाइकांनी इतक्या वेळा विचारलं आहे की उत्तर एकदा नीट मांडून बघावं असं वाटतं. मांडताना ते टिकतं का, तेही कळेल.

फुलं आषाढ आमरीची. आमरी म्हणजे ऑर्किड. ऑर्किड म्हटलं की लोकांना लग्नाच्या स्टेजवरच्या जांभळ्या फुलांच्या काड्या आठवतात, नाहीतर कोकणात झाडाच्या खोडाला धरून लोंबणारी आमरी. ही तशी नाही, ही जमिनीतली. सह्याद्रीच्या माळांवर, गवतात, मुरमाड जागेत येते. पहिल्या पावसानंतर जमिनीला चिकटून एक पान पसरतं, गोलसर, तळहातावर मावेल एवढं. त्याच्या मधून वीतभर दांडा आणि त्यावर चार-दोन पांढरीशुभ्र फुलं. फुलाच्या मागे शेपटीसारखी नळी लोंबते, तिच्यात मध. गणपती उठेपर्यंत पान पिवळं पडायला लागतं आणि दसऱ्यानंतर तिथे काही होतं याची खूणही राहत नाही. मग पुढचे सातआठ महिने ती मुरमाखाली एका कंदात जीव धरून असते. विलायतेतल्या बागवानांच्या लेखी चिवट आमरी म्हणजे बर्फाखाली हिवाळा काढणारी. आमच्याकडची चिवटाई वेगळी. ही मे महिन्यातल्या बेचाळीस अंशांत, फुफाट्याखाली उन्हाळा काढते.

पावसाळ्यात कुंडी उकरली तर खाली दोन कंद दिसतात. एक मागच्या वर्षीचा, एक यंदाचा. मागचा आपल्या अंगचं सगळं पानाफुलाला देत सुरकुतत जातो आणि त्याच वेळी शेजारचा भरत जातो. म्हणजे कंद दर वर्षी नवा, पण संख्या तीच. एखाद्या वर्षी एखादं झाड एकाच्या जागी दोन कंद धरतं, तेवढीच वाढ. माझ्याकडे सहा वर्षांपूर्वी अकरा कंद आले. त्यातले नऊ उगवले. आज तेरा आहेत. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ते कंद आणले आजींनी. आमच्या गावाबाहेर पुनर्वसनाची वस्ती आहे. नीरा नदी भोरच्या डोंगरात उगवते, आमच्या अकलूजवरून जाते आणि पुढे नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते. तिच्या वरच्या खोऱ्यातली गावं धरणांत गेली, आणि त्यातल्या काही माणसांना खाली आमच्याकडे, कालव्याच्या भिजाखाली जमिनी मिळाल्या. आजी त्यातल्या. आल्या तेव्हा त्यांना ऊस लावता येत नव्हता, आम्हाला भात लावता येत नव्हता. आता त्यांचा चार एकर ऊस आहे, आणि टनेज माझ्या दिराच्या उसापेक्षा बरं पडतं.

त्यांचं गाव पाण्याखाली गेलं तरी गावाच्या वरचा डोंगर कोरडाच राहिला. तिथे भावकीतल्या कुणाचा तरी माळ होता. तो विकला गेला. आजी लग्नाला म्हणून गेल्या होत्या, तर माळावर जेसीबी फिरत होता. येताना त्यांनी मातीसकट ढेकळं एका पोत्यात घातली आणि एस्टीनं थेट माझ्या दारात आणून उतरवली.

"पोरी, ही तुज्याकडं ऱ्हाऊ दे. माज्याकडं ऊस हाय, उसात काय जगायची न्हाईत."

"कसली आहेत, आजी?"

"आकाडातली फुलं. ही दिसली की आमी भातलावणीला लागायचो. प्लॉट पाडत्यात तितं आता. बंगलं व्हनारेत."

मी तेव्हा नाव शोधलं, वाचलं, आणि मग घाबरले. कारण आमची सगळी माती, आमचं पाणी, आमची सगळी सवय या झाडाच्या विरुद्ध. आमच्याकडे पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि त्यातलाही मोठा वाटा सप्टेंबरचा. भोरच्या घाटमाथ्यावर हजारो मिलिमीटर पडतो. आमची काळी माती पाणी धरून ठेवते, त्यात हा कंद कुजतो. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके की ठिबकच्या नळ्या पांढऱ्या पडतात. म्हणून मग पोत्यातला मुरूमच कुंड्यांत भरला, पत्र्यावरचं पावसाचं पाणी टाकीत धरून ठेवलं आणि मृगापासून रोज तेच थोडं थोडं द्यायला लागले. खत नाही. दसऱ्यानंतर पाण्याचा थेंब नाही. कामाला येणाऱ्या बायका दर उन्हाळ्यात विचारतात, "ताई, ह्या रिकाम्या कुंड्या उचलू का?"

आणि बुरशीनाशक नाही. हे सगळ्यात अवघड. रोपवाटिका चालते बाविस्टीनवर. बेणं त्यात बुडवायचं, मर दिसली की ओतायचं. बुरशी म्हणजे आमचा वैरी, असंच मी वीस वर्षं धरून चालले होते. टाकीच्या मागच्या त्या कोपऱ्यात मात्र मी फवारा जाऊ देत नाही, कारण आमरीचा सगळा संसार बुरशीवर उभा आहे.

तो कसा, ते सांगायला हवं, नाहीतर दराची गोष्ट कळणार नाही. आपण ज्वारीचा दाणा पेरतो. त्या दाण्यात अंकुराची शिदोरी बांधलेली असते, पीठ म्हणतो ते तेच. आमरीच्या एका बोंडात हजारोंनी बी असतं, पण ते धुळीसारखं. त्यात शिदोरी नसते. ते वाऱ्यानं कुठंही जातं आणि जिथे पडतं तिथल्या मातीत ठरावीक जातीची बुरशी असली तरच रुजतं. बुरशीचे धागे त्या बियांत शिरतात आणि पहिले महिने, कधी वर्ष-दोन वर्षं, त्याला खाऊ घालतात. नोएल बर्नार नावाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं १८९९ साली जंगलात रुजलेलं बी तपासून हे ओळखलं. तोवर युरोपातले बागवान बी पेरून पेरून थकले होते. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी दाखवलं की बाटलीत साखर आणि अगरवर बी टाकलं तर बुरशीशिवायही रुजतं. आज बाजारात ऑर्किड इतकी स्वस्त झाली ती त्या बाटलीमुळे. आमची टिश्यू कल्चरची केळी बियांची नाहीत, पण बाटलीतच वाढतात, ते या विद्येचं सख्खं भावंडच.

पण आषाढ आमरी अजून कुणी बाटलीतून ट्रेमध्ये आणि ट्रेमधून बाजारात आणलेली मी पाहिलेली नाही. ती मिळते ती डोंगरातून, खणून.

गेल्या आषाढात पुण्याहून एक गृहस्थ आले. तुकोबांची पालखी सराटीहून नीरा ओलांडून अकलूजात आली होती, गोल रिंगण झालं होतं, गावात पाय ठेवायला जागा नव्हती. ते रिंगण बघायला आलेले, कुणाच्या तरी ओळखीनं रोपवाटिका बघायला आले. माणूस चांगला. झाडांतलं कळणारा. त्यांनी टाकीमागे डोकावलं आणि गप्पच झाले. मग म्हणाले, "एका कुंडीचे दीड हजार देतो. सगळ्या दिल्या तर सगळ्या नेतो."

तेरा गुणिले दीड हजार, साडेएकोणीस हजार. मी हिशेब केला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. त्या महिन्यात ट्रेवाल्याचं बिल थकलेलं होतं. पण मी नाही म्हणाले, आणि त्यांनी विचारलं, का? त्यांच्या प्रश्नात चिडणं नव्हतं, खरंच समजून घ्यायचं होतं.

लोक माझ्यासाठी जी उत्तरं पुरवतात ती मला पटत नाहीत. कुणी म्हणतं, कायदा आहे. वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार १९७५ मध्ये लागू झाला आणि त्याच्या यादीत आमरींचं अख्खं कुळ आहे, हे खरं. पण तो देशांच्या सीमेवरचा व्यवहार. अकलूजहून पुण्याला मोटारीतून कुंडी नेणाऱ्याला तो करार आडवा येत नाही. कुणी म्हणतं, दुर्मीळ आहे म्हणून. आषाढ आमरी तशी फार दुर्मीळही नाही. योग्य वेळी योग्य माळावर गेलं तर पाय ठेवायला जपावं लागतं. पाचगणीच्या नावाची एक आमरी आहे, फादर सांतापाव आणि कपाडिया यांनी नोंदवलेली, ती खरी दुर्मीळ. त्या दोघांचं मुंबई इलाख्यातल्या आमरींवरचं पुस्तक १९६६ मध्ये आलं. त्यांनीही झाडं खणली, दाबली, वाळवली. पण तसा एक नमुना पुढच्या शंभर वर्षांच्या अभ्यासकांना पुरतो, आणि तो कुठून, कधी घेतला हे त्याच्या खाली लिहिलेलं असतं. त्या खणण्याबद्दल माझी तक्रार नाही. आणि कुणी म्हणतं, आजींनी विश्वासानं दिली म्हणून. हे थोडं खरं आहे, पण आजींना विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, "इक की दोन, मला काय त्याचं."

माझं उत्तर धंद्यातलं आहे. मी जे रोप विकते ते मी पुन्हा करू शकते. उसाची दहा हजार रोपं गेली तर महिना-सव्वा महिन्यात दहा हजार उभी करते. म्हणून तिथे विकण्यात कुणाचं काही जात नाही. आमरीचे सहा वर्षांत नवाचे तेरा झाले. आज तेरा विकले आणि पुढच्या आषाढात ते गृहस्थ चार मित्र घेऊन आले, तर मी कुठून देणार? माझ्याकडून नाही. दर एकदा पुठ्ठ्यावर चढला की मागणी तयार होते, आणि मागणीला रोपवाटिका पुरत नसेल तर डोंगर पुरवतो. भोरकडचं कुणी पोरगं एका रात्रीत गोणीभर कंद खणून आणेल, दोनशे रुपये नगानं. त्याला मी दोष देणार नाही. दर मी लावलेला असेल.

अशा भुकेनं काय होतं ते औषधाच्या बाजारात दिसतं. वैद्याकडे सालममिश्री मिळते ती आमरींच्याच कंदांची. तुर्कस्तानात त्याच कंदाच्या पिठाचं पेय पितात आणि घट्ट, ताणलं जाणारं आइस्क्रीम करतात. एक किलो पिठाला हजाराच्या वर कंद लागतात, आणि प्रत्येक कंद म्हणजे एक झाड. तिथल्या सरकारला निर्यात बंद करावी लागली. आपल्याकडे अमरकंदाचंही तेच, तोही जमिनीतल्या आमरीचाच कंद. ताकदीसाठी खातात. ताकद येते का ते खाणाऱ्याला माहीत, डोंगर मात्र रिकामा होतो.

हे सगळं त्या गृहस्थांना सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि एक प्रश्न टाकला, तो मला अजून टोचतो. म्हणाले, "पण ताई, तो माळ तर गेलाच. ही तेरा झाडं तुमच्या टाकीमागे आहेत म्हणूनच आहेत. उद्या तुमच्याकडे कीड पडली की संपलं. तेरा माणसांकडे तेरा कुंड्या असल्या तर जास्त सुरक्षित नाहीत का?"

हा मुद्दा खोटा नाही. विलायतेत असं झालेलं आहे. लेडीज स्लिपर नावाची त्यांची एक जमिनीतली आमरी, पिवळ्या चपलेच्या आकाराचं फूल. बागेत लावायला म्हणून लोकांनी ती इतकी खणली की १९१७ मध्ये इंग्लंडातून ती संपली असं धरलं गेलं. १९३० मध्ये यॉर्कशरमध्ये एकच झाड सापडलं. जागा गुप्त ठेवली, फुलाच्या दिवसांत पहारा बसवला, दशकानुदशकं. शेवटी क्यू इथल्या वनस्पती उद्यानाच्या प्रयोगशाळेत बियांपासून रोपं तयार झाली आणि १९८०च्या दशकाच्या शेवटी ती परत रानात लावायला सुरुवात झाली. आता हे बागवानांचं पाप म्हणायचं की पुण्य? संपवलं बागेनं आणि परतही आणलं बागेनंच. आपल्याकडे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या बागेत सह्याद्रीतली दुर्मीळ कंदीलपुष्पं जपून वाढवली गेली, त्याबद्दल मला आदरच आहे.

पण मला एक फरक दिसतो. क्यूच्या लोकांनी आधी वाढवायचं कसं ते शिकून घेतलं, मग वाटलं. तेरा माणसांकडच्या तेरा कुंड्यांत वाढवणं कुणालाच येत नसेल, तर ती तेरा ठिकाणी वाट बघत असलेली मरणं आहेत. दुसरं असं, की "नाहीतरी जाणारच होतं, मी वाचवलं" हे वाक्य प्रत्येक खणणाऱ्याच्या तोंडी असतं. आजींच्या बाबतीत ते खरं होतं, मागे जेसीबी घरघरत होता. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत ते खरं की सोयीचं, हे कुंडीकडे बघून सांगता येत नाही. उद्या कुणी बियांपासून हजार रोपं करून आणली, तर मी स्वतः पुठ्ठ्यावर दर लिहीन, सत्तर रुपये, आणि आनंदानं विकीन. मग कुणी डोंगराकडे बघणार नाही. त्या दिवशी या झाडाला दर असणं हेच त्याचं कुंपण होईल.

गृहस्थ फुलांचे फोटो काढून गेले. रागावले नाहीत. उसाची दोन रोपं मुलाच्या शाळेच्या प्रयोगाला म्हणून घेतली, पैसे देऊन.

आता दुसरी बाजू. आमच्या वस्तीवरच्या एका कार्यक्रमात एका वक्त्यांनी या कुंड्यांची गोष्ट सांगितली. कुठून कळली कोण जाणे. म्हणाले, ही आमरी म्हणजे आपले धरणग्रस्त, आपल्या मातीतून उपटलेले, परक्या मातीत कसेबसे तग धरून राहिलेले. टाळ्या पडल्या. आजी माझ्या शेजारी बसल्या होत्या. मोठ्यानंच म्हणाल्या, "म्या काय कुंडीत हाय व्हय?"

मला हसू आवरेना, पण घरी आल्यावर विचार केला, की त्यांचं बरोबर आहे. माणसाला कंदाची उपमा देणं सोपं असतं. कंदाला कुणी विचारलं नव्हतं, तसं त्यांनाही नीट विचारलं नव्हतं, तेवढं साम्य खरं. पण पुढे माणसं बोलली, भांडली, कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, कर्ज काढलं, ऊस शिकली, इथल्या घरांत लेकी दिल्या. आमरीला यातलं काही येत नाही. तिला जपणारा चुकला की ती गेली. म्हणूनच तिच्या बाबतीत जबाबदारी सगळी आपल्याकडे येते, आणि माणसांच्या बाबतीत तशी ती आपल्याकडे घेणं म्हणजे त्यांच्या कष्टावर आपलं नाव लावणं. तिथे हक्क द्यायचा असतो, पाणी मोजून नाही.

त्याच रात्री आजींनी खरी मागणी केली. म्हणाल्या, "माजं गुडगं हायेत तवर त्यातली दोन-चार परत वर नेऊन लावू. द्येवीच्या राईच्या कडंला माळ हाय. त्यो कुनी इकत न्हाय."

एवढी साधी गोष्ट. जिथून आलं तिथे परत. मला लगेच हो म्हणावंसं वाटलं आणि म्हणता आलं नाही. कारण डाळिंब. आमच्या भागात डाळिंबाच्या बागा सूत्रकृमीनं आणि मर रोगानं किती वाळल्या ते कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. तो रोग बऱ्याचदा रोपाच्या पिशवीतल्या मातीतूनच नव्या बागेत जातो. माझी टाकी आणि डाळिंबाच्या गुटीची पिशवी यांत वीस फुटांचं अंतर आहे. त्या कुंडीतला मुरूम भोरचा असला तरी सहा वर्षं अकलूजात राहिला आहे. त्यात आता काय काय आहे ते मला डोळ्यानं दिसत नाही. ते घेऊन मी देवराईच्या कडेला जायचं, जिथे आजवर कुणी रोपवाटिकेची माती नेली नाही? कंद धुऊन नेता येईल, पण धुतला म्हणजे स्वच्छ झाला याची हमी मी माझ्या गिऱ्हाइकालासुद्धा देत नाही.

आजींना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हंजी आनली तवाच गेली म्हन की."

त्या वाक्यानं मला झोप लागली नाही. उपाय सुचला तो मात्र फार साधा निघाला. कंदाबरोबर माती जाते, बियांबरोबर जात नाही. आणि बी ज्या बुरशीला शोधतं ती त्या माळावर आहेच. सहा वर्षांत माझ्याकडे बोंड धरलं नव्हतं, कारण या फुलांवर येणारे पतंग आमच्या उसात फिरकत नसावेत. पण सीताफळाला आम्ही हातानं परागीकरण करतोच. आमरीत ते उलट सोपं असतं. टोकदार काडी फुलाच्या तोंडाशी लावली की पिवळसर परागांचे पुंजके तिला चिकटून येतात, ते दुसऱ्या झाडाच्या फुलाला लावायचे. या आषाढात, आडसालीचे ट्रे सोडून, सकाळी अर्धा तास मी तेच केलं. बायका हसल्या. सात फुलांना लावलं, पाच बोंडं धरली. दोन मी इथल्याच कुंड्यांवर झटकायला ठेवली, उगवलं काही तर बघावं म्हणून. तीन बोंडं उकलायच्या आत कापून वर्तमानपत्रावर, पंख्यापासून लांब वाळवली. उकलली तेव्हा नुसती भुकटी निघाली, फिकट, फुंकर मारली तर उडून जाईल अशी. कुंकवाची बांधतात तशी कागदाची पुडी बांधली.

नवरात्रात आजी देवीला निघाल्या. सकाळच्या एस्टीच्या आधी पुडी न्यायला आल्या. तळहातावर तोलून बघितली.

"ह्यात काय हाय का मोकळीच हाय?"

"हजारो आहेत आजी. राईच्या कडेला गवतात सोडायचं, वारा नसताना. खणायचं नाही, पाणी घालायचं नाही."

"मंग फुलं येत्या आकाडात?"

"नाही. आलीच तर तीन-चार वर्षांनी. कदाचित नाहीच."

त्यांनी पुडी कनवटीला खोचली, पदर वरून घेतला आणि चप्पल शोधता शोधता म्हणाल्या, "धाकट्या नातीला नेती संगं. तिला जागा दावून ठिवती."